औषधाच्या काउंटरपलीकडे उभा आहे तो कोण?

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): "माझी आई थायरॉइडसाठी रोज सकाळी लेव्होथायरॉक्सिनची ५० मायक्रोग्रॅमची गोळी घेते. तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी तिला लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्याही सुरू केल्या. औषधे आणायला मी गेले, तेव्हा काउंटरवर पांढरा कोट घातलेला एक तरुण होता. ‘या सगळ्या एकदमच दिल्या तर चालतील का?’ असे मी विचारले आणि त्याने स्ट्रिप मोजता मोजता ‘हो, सकाळी एकत्रच द्या, म्हणजे विसरायला होणार नाही’ असे सांगितले. आम्ही तसेच केले. परवाच्या तपासणीत आईचे टीएसएच (थायरॉइड कमी पडले की रक्तात वाढणारे संप्रेरक) बरेच वाढलेले निघाले आणि डॉक्टरांनी गोळी ७५ची केली. घरी आल्यावर मी गोळ्यांसोबतचा माहितीचा कागद पहिल्यांदाच नीट वाचला. लोह-कॅल्शियम आणि थायरॉइडची गोळी यांत चार तासांचे अंतर हवे, असे त्यात होते. त्या दिवसापासून वेळा वेगळ्या केल्या. मग दुकानात जाऊन चारचौघांत मी त्या तरुणाला खूप बोलले. आतून एक बाई आल्या आणि म्हणाल्या, ‘फार्मासिस्ट मी आहे, हा विक्रीचे काम बघतो.’ दोघांच्या अंगावर अगदी सारखा कोट होता! मी ओळखायचे तरी कसे? समोरच्याला ‘तुम्ही शिकलेले आहात का’ असे तोंडावर विचारायचे का? की यापुढे प्रत्येक गोष्ट फार्मासिस्टच्याच हातून घ्यायची?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नाकडे वळण्याआधी एक तातडीची गोष्ट सांगतो, कारण ती तुमच्या पत्रात आहे आणि बहुधा तुमच्या लक्षात आलेली नाही. डॉक्टरांनी मात्रा ५० वरून ७५ मायक्रोग्रॅम केली आणि त्यानंतर तुम्ही गोळ्यांच्या वेळा वेगळ्या केल्या. मात्रा वाढवताना जुनी गोळी लोह आणि कॅल्शियमच्या सोबतीने पोटात जात होती, हे डॉक्टरांना ठाऊक नव्हते. लोह आणि कॅल्शियम लेव्होथायरॉक्सिनला आतड्यात बांधून ठेवतात, त्यामुळे औषध पुरेसे शोषले जात नाही आणि टीएसएच चढते. आता अंतर ठेवल्यामुळे गोळी नीट शोषली जाणार आणि शिवाय मात्राही वाढलेली, म्हणजे कालपर्यंत जे कमी पडत होते ते उद्या जास्त होण्याची शक्यता आहे. छातीत धडधड, हातांना कंप, झोप उडणे, कारण नसताना वजन उतरणे ही मात्रा जास्त झाल्याची लक्षणे असतात आणि उतारवयात हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोकाही असतो. मात्रा स्वतःहून कमी करू नका, पण घडलेला क्रम डॉक्टरांना फोनवर आजच सांगा. मात्रा किंवा घेण्याची पद्धत बदलल्यावर टीएसएचचा भरवशाचा आकडा साधारण सहा ते आठ आठवड्यांनी मिळतो. फोन मात्र तोपर्यंत लांबवू नका.

आता ओळखण्याविषयी.

आपल्या भाषेनेच या बाबतीत थोडा घोळ करून ठेवला आहे. ‘मेडिकलवाला’ हा एक शब्द दुकानाच्या मालकाला, फार्मासिस्टला, बिल करणाऱ्याला आणि खोकी उचलणाऱ्या पोऱ्याला सरसकट लागू पडतो. आणि ‘औषधनिर्माता’ हा जो रीतसर मराठी शब्द आहे, तो ऐकून कारखान्यात गोळ्या बनवणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. त्यामुळे काउंटरपलीकडे वेगवेगळ्या जबाबदारीची माणसे उभी असतात, हेच मुळात आपल्या मनात ठसलेले नसते. मालक फार्मासिस्ट असेलच असे नाही, कारण पुष्कळ देशांत औषधाचे दुकान कोणीही काढू शकतो, फक्त तेथे फार्मासिस्ट नेमावा लागतो. फार्मासिस्टच्या हाताखाली काही ठिकाणी तंत्रज्ञ असतात. चिठ्ठी वाचून औषध काढणे, गोळ्या मोजणे, लेबल लावणे हे त्यांचे काम. त्यांच्यानंतर काउंटरवरचे विक्री सहायक, आणि शिवाय शिकाऊ उमेदवार, जे उद्या फार्मासिस्ट होतील पण आज नाहीत.

फार्मासिस्ट म्हणजे नेमके कोण, याचे उत्तर पदवीच्या नावात शोधू नका. ब्रिटनमध्ये चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि वर एक वर्षाचे प्रशिक्षण लागते, जपानमध्ये २००६ पासून सहा वर्षांचा अभ्यासक्रम आहे, अमेरिकेत फार्म.डी. ही पदवी लागते, आणि भारतात पदवीधरांबरोबरच दोन वर्षांची पदविका आणि ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण पूर्ण केलेल्यालाही नोंदणी मिळते. सगळीकडे समान असलेली गोष्ट एकच, आणि ती म्हणजे नोंदवही. फार्मासिस्टचे नाव एका अधिकृत परिषदेच्या नोंदवहीत असते, त्याला क्रमांक असतो आणि गंभीर चूक केली तर ते नाव तेथून काढले जाऊ शकते. तुमच्या आईच्या गोळ्यांबद्दल त्या तरुणाने जे सांगितले, ते सांगताना त्याचे पणाला काहीच लागलेले नव्हते. आतल्या बाईंनी तेच सांगितले असते, तर त्यांचा क्रमांक पणाला लागला असता. सल्ल्याचे वजन येथून येते.

बाह्य खुणांवर विसंबू नका, असे मी आग्रहाने सांगेन, आणि त्यात पांढऱ्या कोटाचा क्रमांक पहिला. कोट हा कपडा आहे, परवाना नव्हे. काही दुकानांत तो सर्वांनाच दिला जातो, स्वच्छतेसाठी म्हणून किंवा दुकान एकसारखे दिसावे म्हणून, आणि काही ठिकाणी खुद्द फार्मासिस्ट साध्या शर्टावर असतो. वयावरूनही काही कळत नाही. वीस वर्षे काउंटरवर काढलेल्या सहायकाला प्रत्येक डबी कुठल्या फळीवर आहे हे डोळे मिटून सांगता येते, औषधांची लांबलचक नावे त्याच्या जिभेवर असतात, आणि गेल्याच वर्षी नोंदणी झालेली फार्मासिस्ट मात्र उत्तर देण्याआधी अडखळते, संगणकावर पाहते. ऐकणाऱ्याचा विश्वास साहजिकच पहिल्यावर बसतो. माझा अनुभव उलटा सांगतो: औषधाच्या प्रश्नाला झटपट उत्तर आले की मी सावध होतो. लोक ‘डॉक्टर’ म्हणून हाक मारतात ही तर खूण मुळीच नव्हे. ज्याला हाक मारली जाते तो ती दुरुस्त करण्याच्या फंदात सहसा पडत नाही.

कोणाची ओळख कोणती, हे ग्राहकाला दिसावे म्हणून निरनिराळ्या देशांनी नियम केले आहेत. तुम्ही जेथे असाल तेथील नियम पाहून ठेवणे उपयोगाचे आहे. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २००९ पासून प्रत्येक औषध दुकानात त्या वेळी कामाची सूत्रे ज्याच्या हाती आहेत त्या ‘जबाबदार फार्मासिस्ट’चे नाव आणि नोंदणी क्रमांक लोकांना दिसेल असा लावावा लागतो. पाळी बदलली की पाटीवरचे नावही बदलते. तेथे २०११ पासून तंत्रज्ञांनाही नोंदणी सक्तीची आहे, म्हणजे ‘नोंदणीकृत’ एवढा शब्द वाचून थांबता येत नाही, नोंदणी कशाची ते पाहावे लागते. फ्रान्समध्ये छातीवरच्या चिन्हातूनच फरक सांगितला जातो: फार्मासिस्टच्या चिन्हात सर्प असतो आणि त्याच्या हाताखाली औषधे तयार करणाऱ्याच्या चिन्हात खल. जपानने २००९ मध्ये ‘नोंदणीकृत विक्रेता’ असा एक मधला वर्गच निर्माण केला. चिठ्ठीविना मिळणाऱ्या औषधांपैकी अधिक जोखमीची औषधे फार्मासिस्टनेच द्यायची, कमी जोखमीची या विक्रेत्याने दिली तरी चालतात, आणि कोण कोणत्या वर्गातला आहे हे नावाच्या पट्टीवरून कळले पाहिजे, असा तेथे दंडक आहे. अमेरिकेत पट्टीवर अक्षरे असतात: ‘आरपीएच’ किंवा ‘फार्मडी’ म्हणजे फार्मासिस्ट, आणि ‘सीपीएचटी’ म्हणजे प्रमाणित तंत्रज्ञ. घाईत वाचणाऱ्याला ही अक्षरे सारखीच भारदस्त वाटतात.

भारतात १९४८च्या फार्मसी कायद्याच्या ४२व्या कलमानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध तयार करून देण्याचे काम नोंदणीकृत फार्मासिस्टचे आहे आणि १९४५च्या औषध नियमांतील ६५वा नियम सांगतो की चिठ्ठीवरचा पुरवठा त्याच्या हातून किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली व्हावा. ‘देखरेखीखाली’ या शब्दामुळे सहायकाने डबी हातात देणे बेकायदा ठरत नाही. फार्मासिस्टने घरी बसून केलेली देखरेख मात्र प्रत्यक्ष म्हणता येणार नाही. याच नियमात दुकानाच्या पाटीबद्दलही एक बारकावा आहे, जो पाटी रोज वाचणाऱ्यांनाही माहीत नसतो. ‘केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स’ असे लिहिणाऱ्याने नोंदणीकृत फार्मासिस्ट नेमलेला असतो, ‘फार्मसी’ किंवा ‘डिस्पेन्सिंग केमिस्ट’ लिहिणाऱ्याकडे त्याशिवाय चिठ्ठीप्रमाणे औषध तयार करून देण्याची सोयही असावी लागते, आणि ज्याला फार्मासिस्ट नेमण्याची गरजच नाही अशा मर्यादित परवान्याच्या विक्रेत्याने ‘ड्रगस्टोअर’ असे लिहायचे असते. २०१५च्या नियमावलीनुसार फार्मासिस्टने आपले नोंदणी प्रमाणपत्र कामाच्या जागी लावायचे आहे. तेव्हा भिंतीवरची ती चौकट पाहायची सवय लावून घ्या. एवढे मात्र ध्यानात असू द्या की चौकट भिंतीवर आहे म्हणून तो माणूस दुकानात आहे असे सिद्ध होत नाही.

यातूनच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळते. पाट्या, पट्ट्या, चौकटी सगळे पाहून झाल्यावरही शेवटी विचारावेच लागते, आणि कसे विचारायचे यावर बरेच काही अवलंबून असते. ‘तुम्ही फार्मासिस्ट आहात का?’ हा प्रश्न समोरच्या माणसाविषयी आहे. तो नसला तर त्याला चारचौघांत ‘नाही’ म्हणावे लागते, आणि असला तर आपल्यावर संशय घेतला असे त्याला वाटते. त्याऐवजी असे म्हणा: ‘या औषधाबद्दल मला फार्मासिस्टशी बोलायचे आहे.’ हे वाक्य औषधाविषयी आहे, माणसाविषयी नाही. समोरचा स्वतः फार्मासिस्ट असला तर तो ‘मीच, बोला’ असे म्हणेल. नसला तर आत हाक मारेल, आणि त्यात त्याचा काही कमीपणा नाही, कारण ज्याच्याशी बोलायचे त्याला बोलावून देणे हे त्याचे कामच आहे. फोनवरून किंवा घरपोच औषध मागवताना तर हे वाक्य अधिकच गरजेचे आहे, कारण तेथे पाटी नसते, चेहरा नसतो, आणि दारात पिशवी घेऊन आलेल्याला आतल्या औषधांविषयी विचारण्यात अर्थ नसतो.

उत्तर काय मिळते तेही नीट ऐका. ‘थांबा, बोलावतो’ हे चांगले उत्तर. ‘त्या चार वाजता येतील’ हेही प्रामाणिक उत्तर आहे. औषध घेण्यासारखे असेल तर घ्या, सल्ल्यासाठी चार वाजता फोन करा किंवा डॉक्टरांना विचारा. ‘मला सांगा ना, मी पंधरा वर्षे हेच करतोय’ हे उत्तर मिळाले, तर हसून पुन्हा तेच वाक्य म्हणा. आणि ‘फार्मासिस्ट असे कोणी वेगळे नसते हो’ असे कोणी म्हणाले, तर औषध घेण्यासाठी दुसरे दुकान शोधा. यात भांडण्यासारखे काही नाही.

सगळेच फार्मासिस्टला विचारायचे का, हा तुमचा तिसरा प्रश्न. नाही, मुळीच नाही. औषध शिल्लक आहे का, कधी येईल, बिलात चूक झाली आहे का, गेल्या वेळची डबी निळी होती आणि ही हिरवी का, यांतले बहुतेक सहायक नीट सांगू शकतो, आणि अशा कामांसाठी फार्मासिस्टला आतून बोलावले तर तिचे लक्ष ज्या चिठ्ठीवर होते त्या चिठ्ठीवरून ते उडते. डबीच्या बदललेल्या रंगाबद्दल एवढेच, की नाव आणि मिलिग्रॅमचा आकडा तोच असल्याची खात्री करून घ्या. आकडा बदललेला दिसला की प्रश्न फार्मासिस्टचा झाला.

फार्मासिस्टचा प्रश्न ओळखण्याची माझी एक साधी कसोटी आहे: उत्तर चुकले तर शरीरावर परिणाम होईल का? नवे औषध सुरू झाले आहे, दोन औषधे एकत्र घ्यायची आहेत, एक वेळ चुकली आहे, गोळी गिळता येत नाही म्हणून कुटून द्यायची आहे, घरात कोणी गरोदर आहे किंवा अंगावर पाजते आहे, मूत्रपिंड वा यकृत कमजोर आहे, औषध लहान मुलाला द्यायचे आहे. अशा वेळी काउंटरवरचा माणूस कितीही जुना असला तरी आत हाक मारायला सांगा. कुटण्याचेच घ्या. औषध हळूहळू सुटावे अशा बेताने बनवलेली गोळी कुटली, की दिवसभराची मात्रा एकदम अंगात उतरते. गोळीच्या रूपावरून मात्र ती कुटण्यासारखी आहे की नाही हे कळत नाही. मुलांच्या पॅरासिटामॉलच्या पातळ औषधात ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम आणि ५ मिलिलिटरला २५० मिलिग्रॅम अशी दोन्ही बळांची औषधे मिळतात. बाटल्या सारख्या, चव सारखी, चमचा घरातला तोच. गेल्या महिन्यात दिले होते तेवढेच द्या, असे कोणी सांगितले आणि बाटली बदललेली असली, तर बाळाला दुपटीहून अधिक औषध जाते. सांधेदुखीसाठी दिले जाणारे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायचे असते, ते रोज घेतले गेल्याने जगभर माणसे दगावली आहेत. ही गोळी घरात असेल तर आठवड्याचा कोणता वार, हे फार्मासिस्टच्या तोंडून ऐका आणि डबीवर ठळक लिहून घ्या.

चांगला सहायक कसा ओळखावा, हेही तुम्ही विचारायला हवे होते. विचारले नाही, तरी सांगतो. तुम्ही चिठ्ठीविना सर्दीचे किंवा अंगदुखीचे औषध मागता, तेव्हा शिकवून तयार केलेला सहायक डबी पुढे करण्याआधी चौकशी करतो: औषध कोणासाठी हवे, त्रास काय आहे, किती दिवसांपासून आहे, आतापर्यंत काय करून पाहिले, आणि दुसरी कोणती औषधे चालू आहेत. शेवटच्या प्रश्नाला तुम्ही ‘रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे’ असे उत्तर दिले, की तो डबी मागे ठेवतो आणि आत हाक मारतो. वॉरफरिन घेणाऱ्याने अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन घेतले तर रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, एवढे विस्तृत ज्ञान त्याला नसले तरी चालेल. ‘हे माझ्या पलीकडचे आहे’ एवढे त्याला कळले पाहिजे. माझ्या लेखी सहायकाची सर्वांत मोठी पात्रता तीच. अशा सहायकाला चौकशा करतो म्हणून रागावू नका. घाई आहे म्हणून ‘तुम्ही द्या हो’ असे आपणच त्याला दटावतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तो काही विचारेनासा होतो.

हीच कसोटी फार्मासिस्टलाही लावा. ‘सगळ्या गोळ्या एकत्र दिल्या तर चालतील का?’ या तुमच्या प्रश्नाला ‘कोणकोणत्या गोळ्या?’ असा उलट प्रश्न आला नसता, तर नोंदणी क्रमांक असलेल्या व्यक्तीने दिलेले उत्तरही कच्चेच ठरले असते. अमेरिकेत १९९०च्या एका कायद्याने सरकारी वैद्यकीय साहाय्य घेणाऱ्या रुग्णांना औषध देताना समजावून सांगण्याची तयारी फार्मासिस्टने दाखवलीच पाहिजे असे ठरवले, आणि पुढे बहुतेक राज्यांनी ते सर्वच रुग्णांना लागू केले. प्रत्यक्षात हे पुष्कळदा ‘काही विचारायचे आहे का?’ अशा एका ओझरत्या वाक्यावर येऊन थांबते, आणि ते वाक्यही पैसे घेणारा सहायक बोलतो. आपण सवयीने ‘नाही’ म्हणतो. नवे औषध असेल त्या दिवशी ‘हो’ म्हणा. काय विचारायचे ते सुचत नसेल तर चालू असलेल्या सर्व औषधांची यादी पुढे ठेवा, डोकेदुखीची आणि ‘ताकदीची’ म्हणून घेतो त्या गोळ्यांसह, आणि म्हणा: ‘यांत हे नवे कुठे बसवू?’ तुमच्या आईच्या बाबतीत या एका प्रश्नाने काम झाले असते. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर, न्याहारीआधी अर्धा ते एक तास, आणि लोह-कॅल्शियम त्यानंतर किमान चार तासांनी, असे वेळापत्रक त्या बाईंनी दोन मिनिटांत लिहून दिले असते.

आता त्या तरुणाविषयी. तुमचा राग मी समजू शकतो, पण तो सगळाच्या सगळा त्याच्या पदरात टाकणे मला योग्य वाटत नाही, आणि असे वाटण्याला एक वैयक्तिक कारण आहे.

मी शिकाऊ असताना एका दुकानात काउंटरवर उभा राहत असे. कोट होता, पट्टी नव्हती. एक बाई आपल्या मुलाच्या अँटिबायोटिकची बाटली घेऊन आल्या. त्यांच्या मुलाचा ताप उतरला होता, बाटलीत औषध उरले होते, आणि पुढच्या वेळी घसा धरला तर हेच देता येईल का, असे त्या विचारत होत्या. त्यांनी मला ‘डॉक्टरसाहेब’ म्हटले. मी बाटली फिरवून तारीख पाहिली, पुढच्या वर्षीची होती, आणि अंगात आल्यासारखे ‘खुशाल ठेवा’ असे सांगितले. त्या पायऱ्या उतरत होत्या तेवढ्यात आमच्या मुख्य फार्मासिस्ट बाई आतून जवळजवळ धावतच आल्या आणि त्यांनी त्यांना परत बोलावले. ते औषध भुकटीच्या रूपात येते आणि देताना त्यात पाणी मिसळतात. छापलेली तारीख त्या कोरड्या भुकटीची असते, पाणी पडल्यावर ते औषधागणिक सात ते चौदा दिवसच टिकते. शिवाय डॉक्टरांनी किती दिवस द्यायला सांगितले होते, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. बाईंनी तो विचारला, तेव्हा तीन दिवसांचे औषध अजून द्यायचे राहिले होते असे निघाले. म्हणजे चूक एक नव्हती, दोन होत्या. नंतर आत नेऊन त्या मला एवढेच म्हणाल्या, ‘तुला तारीख वाचता येते, हे त्यांना आधीच माहीत होते. त्यांनी तुला काय विचारले होते?’

दुसऱ्या दिवशी माझ्या कोटावर ‘शिकाऊ’ असे लिहिलेली पट्टी आली. ती लावायची मला लाज वाटली, हे कबूल करतो. पण आठवड्याभरात असे लक्षात आले की पट्टी वाचून लोकच म्हणू लागले, ‘जरा मॅडमना बोलाव रे.’ माझे काम हलके झाले.

तुमच्या त्या तरुणाच्या छातीवर अशी पट्टी नव्हती, दोघांना एकच कोट देणारे दुकान होते, गर्दीत प्रश्न आला की आत पाठवायचा अशी शिस्त त्याला कोणी लावलेली दिसत नाही, आणि तीन औषधे एकाच चिठ्ठीवर लिहिताना वेळा न लिहिणाऱ्या डॉक्टरांचाही यात वाटा आहे. त्याचा दोष आहेच: जे आपल्याला ठाऊक नाही ते त्याने ठामपणे सांगितले. परंतु त्याला चारचौघांत बोलून ही व्यवस्था बदलत नाही. तो फक्त पुढच्या वेळी गप्प राहायला शिकतो, आणि गप्प राहणे म्हणजे आत हाक मारणे नव्हे.

म्हणून पुन्हा एकदा त्या दुकानात जा, गर्दी नसेल अशा वेळी, आणि त्या फार्मासिस्ट बाईंशी बोला. आईला कोणती औषधे दिली गेली, काय सांगितले गेले, टीएसएच आधी किती होते आणि नंतर किती झाले, हे तारखांसह त्यांना सांगा, जमल्यास लिहूनच द्या. नीट चालणाऱ्या दुकानात अशा चुकांची नोंदवही असते आणि तीत तुमची नोंद करून घ्यायला सांगण्यात काही वावगे नाही. कोटांवर नाव आणि काम लिहिलेल्या पट्ट्या लावता येतील का, असेही त्यांना विचारा. ग्राहकाने मागितल्याशिवाय या गोष्टी सहसा होत नाहीत. त्या टाळाटाळ करू लागल्या, किंवा फार्मासिस्ट दुकानात बहुतेक वेळ नसतातच असे दिसले, तर मग औषध नियंत्रण खात्याकडे किंवा फार्मासिस्टची नोंदणी करणाऱ्या परिषदेकडे लेखी तक्रार करण्याचा मार्ग खुला आहे. त्या बाई तक्रार ऐकायला स्वतः बाहेर आल्या आणि ‘फार्मासिस्ट मी आहे’ असे म्हणाल्या, यावरून ती वेळ येईल असे मला वाटत नाही.

जाताना आईच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. काउंटरवर तोच तरुण असेल. त्याला फक्त एवढेच सांगा, ‘मॅडमशी बोलायचे आहे, जरा बोलावता का?’